रेडिओवरून पडद्यावर, पडद्यावरून मोबाईलवर: लाखांदूरच्या बोलक्या मुलामुलींसाठी

दिवाळी झाली की आपल्या तालुक्यात मंडईच्या जत्रा भरायला लागतात, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरतात आणि मला ठरावीक फोन सुरू होतात. रात्री कुणीतरी रंगमंचावरून निवेदन केलेलं असतं, लोकांनी वाहवा केलेली असते, आणि सकाळी पोरगं विचारतं, "सर, आरजे व्हायला कोणता कोर्स करू?" दुसरा विचारतो, "चॅनेलवाले आयडी कार्ड आणि बूम माईकचे पैसे मागतात, देऊ का?" तिसरीचा प्रश्न, "यूट्यूबवर बातम्या सांगायला सरकारी नोंदणी लागते म्हणतात, खरं आहे का?"

तिघांना एकच वाट चालायची आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग स्वतःचा चॅनेल. वाट खरी आहे, आणि तिच्यावरून चालून गेलेली माणसंही आहेत. तबस्सुम यांचंच घ्या. मुंबईच्या रेडिओवर त्या निवेदन करत. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' घेऊन त्या पडद्यावर आल्या आणि १९९३ पर्यंत राहिल्या. उतारवयात 'तबस्सुम टॉकीज' नावानं त्यांनी यूट्यूबवर बैठक मांडली. तीन माध्यमं बदलली, पण सिनेमातल्या माणसांना बोलतं करायचं आणि त्यांच्या गोष्टी सांगायच्या, हे काम तेच राहिलं. भाष्यकारांमध्ये निखिल वागळे आणि भाऊ तोरसेकर ही दोन नावं तुम्हाला ठाऊक असतील. दोघांची मतं दोन टोकांची, दोघंही छापील पत्रकारितेतून आलेले, आणि आज दोघांचाही प्रेक्षक मोबाईलवर आहे.

मी स्वतः आकाशवाणीवर काही वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो, पुढे टीव्हीच्या चर्चांमध्ये बसलो, आता फोनसमोर बोलतो. या प्रवासात आवाजानं मला जेवढं नेलं त्याहून जास्त एका प्रश्नानं सांभाळलं: माझ्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये कोण उभं आहे? आकाशवाणीत ड्युटी ऑफिसर उभा असतो, टीव्हीत डेस्क आणि संपादक असतात. यूट्यूबवर कुणीच नसतं. एका पावसाळ्यात चुलबंद नदीला पूर आला असताना मी लाईव्हमध्ये एक पूल बंद असल्याचं सांगून टाकलं. बंद दुसराच होता. एक दूधवाला माझ्यामुळे भलामोठा वळसा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी भर चौकात त्यानं माझी हजेरी घेतली. रेडिओवर असतो तर ते वाक्य हवेत जाण्याआधी कुणीतरी विचारलं असतं, "कुणी सांगितलं?" खालचं सगळं वाचताना हा प्रश्न जवळ ठेवा.

पायरी पहिली: रेडिओ. दारं तीन, नियम वेगवेगळे

*आकाशवाणी.* आपल्यासाठी जवळचं मोठं केंद्र नागपूर, १९४८ पासून चालू आहे. कायमच्या भरतीची वाट पाहत बसू नका. केंद्रं वेळोवेळी नैमित्तिक उद्घोषक आणि कार्यक्रमांचे कंपेअर यांच्यासाठी जाहिरात काढतात. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी आणि मुलाखत होते. निवड झाली की 'वाणी' नावाचं छोटं प्रशिक्षण असतं. जाहिरातीत वय, शिक्षण आणि राहण्याचं ठिकाण यांच्या अटी असतात. त्या वाचूनच अर्ज करा, कारण लाखांदूरहून गेलेले काहीजण राहण्याच्या अटीवरच अडकतात.

एक गोष्ट आधीच समजून घ्या: नैमित्तिक म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या. यावर घर चालत नाही. पण हातात स्क्रिप्ट, समोर घड्याळ, आणि सेकंद चुकला तर बोलणी खायची, ही शिस्त जगात दुसरीकडे फुकट मिळत नाही.

तरुणांसाठी युववाणी आहे, शेतीचे कार्यक्रम आहेत. बातम्यांकडे ओढ असेल तर प्रादेशिक वृत्तविभागाच्या नैमित्तिक वृत्तनिवेदक-भाषांतरकारांच्या आणि जिल्ह्यांच्या अंशकालीन वार्ताहरांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

चाचणीत आपली पोरं जिथे अडखळतात ती जागा म्हणजे बोली. आपल्या झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. 'पाणी' आपल्या तोंडी 'पानी' होतं, 'डोळा' 'डोरा' होतो. बातमीपत्र वाचताना प्रमाण उच्चार लागतो, त्याचा रियाज करा: रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचा, फोनवर रेकॉर्ड करा, ण आणि ळ जिथे घसरले तिथे पेन्सिलीनं खूण करा. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा आहे, तोही कानानं ओळखायला शिका. आणि बोली पुसून टाकू नका, हेही तेवढ्याच ठामपणे सांगतो. शेतकऱ्याशी पऱ्हे, रोवणी, बांधी, पुंजणं या शब्दांत बोलणारा निवेदक पुण्यामुंबईहून आणता येत नाही. पुढे मोबाईलवर हीच बोली तुमची ओळख ठरते.

*खासगी एफएम.* इथे चाचणीला गेलात तर कुणी अग्रलेख वाचायला देणार नाही. "सकाळी घरून निघाल्यापासून इथे येईपर्यंत काय झालं ते दीड मिनिटात सांगा," असं काहीतरी म्हणतील. नागपूरच्या एफएमवर हिंदी जास्त चालते, तिची तयारी ठेवा. लक्षात ठेवायचा नियम म्हणजे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा करता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रं तेवढी जशीच्या तशी लावता येतात. वाहतूक, हवामान, परीक्षा-प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीचे इशारे हे मात्र 'बातमी' धरलं जात नाही. या फटीतूनही बरंच बोलता येतं. २०१७ मध्ये मुंबईत रेड एफएमच्या मलिष्का यांनी रस्त्यांवरच्या खड्ड्यांवर विडंबनगीत केलं आणि महापालिकेत खळबळ उडाली. भाष्यकार व्हायला बातमीपत्रच लागतं असं नाही, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत गोंदिया आणि चंद्रपूर आहेत. यादीतलं नाव म्हणजे उभं राहिलेलं स्टेशन नव्हे. "गोंदियात एफएम येतंय, आधी आमचा कोर्स करा" असं म्हणणाऱ्याला स्टेशनचा पत्ता विचारा.

*सामुदायिक रेडिओ.* हा पर्याय कुणी विचारतच नाही, आणि आपल्यासारख्या तालुक्याला तोच सर्वात जवळचा आहे. एकट्या माणसाला परवाना मिळत नाही; महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र, नोंदणीकृत सेवाभावी संस्था अर्ज करू शकतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि म्हसवडच्या माणदेशी संस्थेनं हे करून दाखवलं आहे. प्रक्षेपण साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात ऐकू येतं, म्हणजे लाखांदूर आणि आजूबाजूची गावं. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात आणि निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लागतो. बातम्या मात्र इथेही आकाशवाणीच्याच. तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना विचारून बघा. नाही म्हणाले तर विचारण्यापुरताच वेळ गेला.

सही करण्याआधी करारात हे शोधा

एफएमचा असो की चॅनेलचा, करार इंग्रजीत असतो आणि "इथे इथे सही करा" म्हणून पुढे सरकवला जातो. घरी न्या, दोन दिवस मागा. मग पाहा:

- तुमचं हवेतलं नाव, कार्यक्रमाचं नाव आणि त्या नावानं उघडलेलं इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब खातं कुणाच्या मालकीचं? नोकरी सोडताना बहुतेक भांडणं इथेच होतात. जमलं तर स्वतःच्या खऱ्या नावाचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.
- नोकरीत असताना दुसरीकडे बोलायला बंदी आहे का? असेल तर ती पाळावी लागते. "सोडल्यावर एक वर्ष कुठेच काम करायचं नाही" ही अट वेगळी. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. घाबरून घरी बसू नका, वकिलाला दाखवा.
- तुमच्या चित्रीकरणाचा हक्क कुणाचा? पगारी नोकर असाल तर सहसा मालकाचा. पगाराविना, स्वतःहून केलेलं चित्रीकरण असेल तर लेखी, सही केलेलं हस्तांतरण नसेल तोवर तो तुमचा; पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलं असेल तर वेगळा करार नसताना तो सांगणाऱ्याचा. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो.

आकाशवाणीवर गाजलेला तुमचाच कार्यक्रम आठवण म्हणून यूट्यूबला चढवायचा मोह होतो. ते ध्वनिमुद्रण तुमच्या मालकीचं नसतं. परवानगी मागा.

आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी असलेल्या वाचकांनी हे दोनदा वाचावं. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र नियम आहेत. आकाशवाणीवर बोलायला खात्याची लेखी परवानगी घेऊन ठेवा. सरकारी धोरणावर टीका करणारा चॅनेल नोकरीत राहून चालवायचा असेल तर थांबा. बायकोच्या नावानं चॅनेल काढून स्वतः बोलण्याची युक्तीही कुणाच्या डोळ्यांतून सुटत नाही.

पायरी दुसरी: टीव्ही. बूमचे पैसे द्यायचे का?

नाही. सरळ उत्तर आहे हे.

तालुक्यातून टीव्हीत जायची नेहमीची वाट म्हणजे स्ट्रिंगर. तुम्ही बाईट पाठवता, फोनो देता, बातमी लागली तर तिच्या हिशेबानं पैसे मिळतात. खरं चॅनेल तुमच्याकडून बातमी मागतं. ओळखपत्र, गाडीवर लावायचं 'प्रेस' स्टिकर आणि रंगीत बूम यांचे पाच-दहा हजार मागणारा तुम्हाला पत्रकार करत नसतो, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक असता. पुढे तो म्हणतो, "वाढदिवसाच्या जाहिराती आणा, त्यात तुमचा वाटा." मग ज्या पुढाऱ्याची जाहिरात आणली त्याच्याबद्दल तुम्ही काय बोलणार? इथेच भाष्यकार संपतो.

अधिस्वीकृती पत्रिका वेगळी. ती राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते आणि तिची चौकशी भंडाऱ्याच्या जिल्हा माहिती कार्यालयात करायची. खासगी कार्डावर छापलेल्या अशोकचिन्हाला काडीचीही किंमत नाही, उलट ते छापणं हाच गुन्हा ठरू शकतो.

चर्चेला पाहुणा म्हणून बोलावणं आलं तर फोनवरच विचारून घ्या: विषय नेमका काय, समोर कोण कोण, थेट की मुद्रित, नावाखाली काय लिहिणार, मानधन आहे का. मानधन बऱ्याचदा नसतं. गैर वाटून घेऊ नका, पण न विचारता गृहीतही धरू नका. नावाखालच्या पट्टीबद्दल आग्रह धरा. मला एकदा विचारल्याविना 'ज्येष्ठ राजकीय विश्लेषक' केलं होतं, मी गेलो होतो धान खरेदीवर बोलायला. महिनाभर गावात लोक "विश्लेषक आले, सरका" म्हणत बाक रिकामा करून द्यायचे.

रेडिओवाल्याला पडद्यावर दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, कागदाकडे बघून बोलण्याची; पहिल्या चर्चेत माझा चेहरा कमी आणि टक्कल जास्त दिसलं. दुसरी, सगळं शब्दांत सांगण्याची. रेडिओवर "नदीचं पाणी पुलावरून वाहतंय" म्हणावंच लागतं. पडद्यावर ते दिसत असतं. तिथे कुणाचा ट्रॅक्टर अडकला, शाळेची पोरं पलीकडे कशी राहिली, हे सांगायचं.

पायरी तिसरी: स्वतःचा चॅनेल

*नोंदणी लागते का?* यूट्यूब चॅनेल उघडायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. 'आरएनआय' ही छापील नियतकालिकांची नोंदणी, १ मार्च २०२४ पासून ती नव्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याखाली होते. चॅनेलला तो नंबर काढून देतो म्हणणारा फसवतोय. उद्यम नोंदणी व्यवसायासाठी आहे, फुकट आहे, आणि तिच्यामुळे कुणी पत्रकार होत नाही.

मात्र तुम्ही नियमित, व्यवसाय म्हणून बातम्या आणि चालू घडामोडींवर बोलत असाल, तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम तुम्हाला 'प्रकाशक' समजू शकतात. तसं झालं तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला ठरलेल्या नमुन्यात माहिती कळवायची, तक्रार अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करायचा, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा. लहान चॅनेलला तक्रार अधिकारी म्हणजे घरातलं कुणीतरी शहाणं माणूस. या नियमांतला आचारसंहिता सक्तीची करणारा भाग मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केला. त्या प्रकरणात निखिल वागळेही याचिकाकर्ते होते. सरकारी 'फॅक्ट चेक' विभागाची २०२३ ची दुरुस्ती याच न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली. न्यायालयात या गोष्टी हलत राहतात, म्हणून वर्षातून एकदा ताजी स्थिती पाहून घ्या.

*सामान काय लागतं?* तुमच्याकडे आहे तो फोन आणि हजाराच्या आतबाहेरचा कॉलर माईक. राईस मिलपासून लांबची खोली निवडा. भिंतीवर दोन गोधड्या टांगा, आवाज घुमणं थांबतं. पत्र्याच्या घरात पावसात रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून आषाढ-श्रावणात सकाळची उघडीप साधून आठवड्याचे दोन भाग करून ठेवा. लोक खराब चित्र सहन करतात, खराब आवाज सहन करत नाहीत. रेडिओचा माणूस इथे आधीच पुढे असतो.

*पैसे कधी?* ५०० सदस्य, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास पाहणं झालं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज) की प्रेक्षकांकडून थेट मदत घेण्याची सोय उघडते. जाहिरातींचे पैसे १,००० सदस्य आणि ४,००० तासांनंतर. मोठ्या व्हिडिओवर जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्सवर ४५ टक्के. १०० डॉलर जमेपर्यंत काही हातात येत नाही. अमेरिकी कराचा फॉर्म भरा. भरला नाही तर सगळ्या कमाईतून मोठी कपात होऊ शकते, भरला तर ती फक्त अमेरिकी प्रेक्षकांच्या वाट्यापुरती राहते. पहिलं वर्ष कोरडं जाईल असं धरूनच चाला आणि शेती, दुकान, शिकवणी यांतलं जे चालू आहे ते सोडू नका.

बोलायचं कसं: धान खरेदीचं एक उदाहरण

कायद्याची पुस्तकं वाचण्यापेक्षा हे एक उदाहरण पचवलंत तरी निम्मं काम झालं. समजा, एका केंद्रावर ४० किलोच्या पोत्यामागे जादा धान घेतात अशी तक्रार तुमच्याकडे आली. तीन तऱ्हेनं बोलता येतं.

एक: "केंद्रचालक चोर आहे, शेतकऱ्यांना लुटतोय." टाळ्या पडतील. पण तुम्ही एका माणसावर गुन्ह्याचा आरोप केलात आणि हातात काही नाही.

दोन: "गावात सगळे म्हणतात की तिथे लूट चालते." काहींना वाटतं 'म्हणतात' घातलं की सुटलो. सुटत नाही. दुसऱ्याचा आरोप पसरवला तरी जबाबदारी तुमची.

तीन: "अमुक तारखेला मी केंद्रावर होतो. पाच शेतकऱ्यांनी त्यांच्या पावत्या दाखवल्या. काट्यावर पोत्याचं वजन इतकं आलं, पावतीवर इतकं लिहिलं. केंद्रचालकांना मी विचारलं, त्यांचं म्हणणं असं: ओलाव्यामुळे घट धरावी लागते. नियम काय सांगतो ते हे. माझ्या मते हिशेब जुळत नाही, चौकशी व्हावी." इथे पाहिलेलं, विचारलेलं आणि तुमचं मत हे तिन्ही वेगळं ठेवलं आहे. हे वाक्य कोर्टातही उभं राहतं.

आकडा बोलण्याआधी मूळ कागद बघा. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आणि 'अ' दर्जाला २,३८९ रुपये. हे दोन आकडे रोज कुणीतरी अदलाबदल करून सांगतं, त्यात बोनसची रक्कमही मिसळतं. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर असतो. नसलेला कागद माहिती अधिकारात मागा: दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. समोरच्याला केलेला फोन, पाठवलेला प्रश्न आणि त्याचं न आलेलं उत्तर, तिन्हीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आणि कुणीतरी मध्ये उभं करा. माझा प्रत्येक भाग चढवण्याआधी एक निवृत्त मुख्याध्यापक ऐकतात. त्यांना यूट्यूब कळत नाही, पण "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" हा प्रश्न ते बरोबर जागी विचारतात.

या रेषा ओलांडू नका

- लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव, गाव, घर, नातेवाईक, काहीही ओळख पटेल असं दाखवू नका. बालकांच्या बाबतीत तर चेहरा झाकूनही शाळेचा गणवेश दिसला तरी ओळख उघड होते. यात "चुकून झालं" चालत नाही, कायद्यात थेट शिक्षा आहे.
- मतदानाआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर आणि बंदीच्या काळात एक्झिट पोल नको.
- बियाणं, कीटकनाशक, शिकवणी वर्ग यांच्याकडून पैसे किंवा भेट घेऊन बोलत असाल तर सुरुवातीलाच 'जाहिरात' म्हणून सांगा आणि यूट्यूबमधली सशुल्क प्रचाराची खूण लावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. फवारणीनंतर बांधी करपली तर शेतकरी कंपनीच्या आधी तुमच्या दारात येईल.
- दुसऱ्याची क्लिप वापरायची तर लागेल तेवढीच आणि तिच्यावर भाष्य करण्यासाठीच. समीक्षा आणि ताज्या घडामोडींसाठी कायद्यात सूट आहे, पण किती सेकंद चालतात असा आकडा कायद्यात कुठेच नाही. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राईक आले की चॅनेल बंद होऊ शकतो. स्ट्राईक चुकीचा वाटला तर प्रतिसूचना देता येते. ती देताना खरं नाव-पत्ता समोरच्याला कळतो, हे ठाऊक असू द्या.

नोटीस आली, पोलीस आले तर

वकिली नोटीस आली की पहिली प्रतिक्रिया म्हणजे व्हिडिओ काढून टाकणं किंवा नोटीस कॅमेऱ्यासमोर फाडणं. दोन्ही करू नका. मूळ चित्रण जपा, वकिलाकडे जा, चूक असेल तर दुरुस्ती तेवढ्याच ठळकपणे सांगा. उत्पन्न कमी असलेले, तसंच महिला, अनुसूचित जाती-जमातीचे वाचक विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत घेऊ शकतात, फोन १५१००.

अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर करू शकत नाहीत, तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. "ठाण्यात या, अब्रुनुकसानीचा गुन्हा दाखल करतो" असा फोन आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत एफआयआरआधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद आहे. तिचा वापर पोलिसांनी करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं इम्रान प्रतापगढी प्रकरणात २८ मार्च २०२५ ला सांगितलं. हजर राहण्याची लेखी नोटीस आली तर हजर राहाच. नोटीस पाळणाऱ्याला कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. फोन घेतला तर जप्तीचा पंचनामा मागा. झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं आता कायद्यानं पोलिसांवर बंधनकारक आहे.

कुणी मारहाण केली तर? पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधातला कायदा महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ मध्ये संमत केला, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्याची व्याख्या वर्तमानपत्र, वृत्तवाहिनी अशा संस्थेत काम करणाऱ्यांभोवती आखली आहे. एकट्यानं यूट्यूब चालवणाऱ्याला तो लागू होईलच असं धरून चालू नका. नेहमीच्या कलमांखाली तक्रार द्या, एफआयआरची प्रत घ्या. ती फुकट मिळते.

चॅनेलच चोरीला जातो तेव्हा

"तुमच्या चॅनेलला जाहिरात द्यायची आहे, सोबतची फाईल उघडा" असा मेल येतो. फाईल उघडली की चॅनेलचं नाव रात्रीतून बदलतं. खात्याला दोन टप्प्यांचं कुलूप लावा, बॅकअप कोड वहीत लिहून कपाटात ठेवा, आणि चॅनेलचा मेल लग्नपत्रिकेवर छापू नका. हसू नका, एकानं छापला होता.

शेवटचं छोटं, पण मला सगळ्यात जास्त फोन यावरूनच येतात. कमाई दहा डॉलरवर गेली की पत्ता तपासण्यासाठी गुगल टपालानं एक पिन पाठवतं. चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्त्यात गाव, टपाल कार्यालय, तालुका आणि पिनकोड पूर्ण लिहा, 'लाखांदूर' एकदा नीट तपासा, कारण आपली पत्रं लाखनीला जाऊन पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा की पांढरं, साधं, जाहिरातीसारखं दिसणारं पाकीट येईल, ते दाराच्या फटीत टाकू नका, हातात द्या.